रुद्धपथ कामला आणि आयजीजी-४ रक्तपरीक्षा : उपयोग आणि मर्यादा

कामला हा आपल्या चिकित्सालयात नित्य येणारा व्याधी आहे. भंडारा जिल्ह्यासारख्या भातशेतीच्या आणि तलावांच्या प्रदेशात दूषित पाण्यामुळे होणारी कावीळ दर पावसाळ्यात दिसते. तिच्या बऱ्याच रुग्णांस पथ्य, विश्रांती आणि सौम्य औषधयोजना यांनी काही आठवड्यांत उपशय मिळतो. त्यामुळे 'कावीळ म्हणजे आयुर्वेद' अशी श्रद्धा समाजात रूढ झाली आहे. ही श्रद्धा आपणांस भूषणावह असली तरी तिच्यामुळे एक मोठी जबाबदारीही आपल्यावर येते. साठीच्या आसपासचा, पोटात न दुखता हळूहळू पिवळा पडत गेलेला, वजन घटलेला रुग्णसुद्धा प्रथम आपल्याकडेच येतो. आणि त्याची कावीळ पावसाळी काविळीहून सर्वस्वी निराळी असते.

अशा रुग्णांत स्वादुपिंडाचा किंवा पित्तनलिकेचा कर्करोग ही पहिली शंका असते. परंतु त्यांतील काही थोड्या रुग्णांत कर्करोग नसून रोगप्रतिकारक यंत्रणेच्या बिघाडामुळे आलेली सूज असते आणि ती योग्य औषधाने उतरते. या दोहोंतील भेद ओळखण्यासाठी 'आयजीजी-४' नावाची रक्तपरीक्षा अलीकडे वारंवार सांगितली जाते. तालुक्याच्या गावी रक्त काढून नमुना मोठ्या शहरात पाठविण्याची सोय झाल्याने तिचे अहवाल आता खेड्यातील वैद्यांच्या मेजावरही येऊ लागले आहेत. या परीक्षेचा अर्थ कसा लावावा, तिच्यावर किती विसंबावे आणि कोठे थांबावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

कामलेचा प्रकार प्रथम ठरवावा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळाव्या अध्यायात कामलेचे कोष्ठशाखाश्रित आणि शाखाश्रित असे दोन भेद वर्णिले आहेत. पहिल्यात पित्ताचे आधिक्य असते. दुसऱ्यात कफाने पित्ताचा मार्ग रुद्ध होतो, पित्त कोष्ठात उतरत नाही आणि मलाचा वर्ण तिळाच्या पिठासारखा फिकट होतो. मलाच्या वर्णावरून मार्गावरोध ओळखण्याची ही दृष्टी आजच्या अवरोधजन्य काविळीच्या कल्पनेशी फार जवळची आहे. मात्र मार्ग कशाने रुद्ध झाला, हा पुढचा प्रश्न राहतोच. पित्ताश्मरी, जंत, अर्बुद, जुन्या व्रणाने आलेला संकोच आणि प्रतिकारयंत्रणेच्या विकाराने आलेली सूज, या सर्वांत मल फिकटच दिसतो. म्हणून 'रुद्धपथ कामला' हे निदान झाले की काम संपले असे नसून तेथून कारणाचा शोध सुरू होतो.

पहिली पायरी आपल्याच चिकित्सालयात होऊ शकते. मल आणि मूत्र यांचा वर्ण, कंडू, ज्वर, वेदनेचे स्वरूप, वजनातील घट आणि अलीकडे लागलेला मधुमेह यांविषयी प्रश्न विचारावेत. महाविद्यालयात शिकविलेली मूत्राची हेज सल्फर टेस्ट आणि फोशे टेस्ट आजही निरुपयोगी झालेल्या नाहीत. मूत्रात पित्तरंजक मिळाले म्हणजे केवळ रक्तपेशी फुटून आलेली कावीळ नव्हे, एवढे तरी कळते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांच्यात रक्तपेशींच्या नाशाने कावीळ येते आणि पित्ताश्मरीही लहान वयात होते. म्हणून तरुण रुग्णात सिकलसेलची चाचणी प्रथम आठवावी, आयजीजी-४ नंतर.

व्याधीचा परिचय

स्वादुपिंडाची चिरकारी सूज आणि त्याबरोबर रक्तातील ग्लोब्युलिनची वाढ असलेल्या रुग्णांचे वर्णन फ्रान्समधील सार्ल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली केले. १९९५ मध्ये जपानमधील योशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ऑटोइम्यून पँक्रियाटायटिस' ही संज्ञा पुढे आणली. आपल्याच प्रतिकारयंत्रणेने स्वादुपिंडावर आघात केल्याने झालेला शोथ, असा तिचा आशय होता. २००१ मध्ये जपानमधील मात्सुमोतो येथील शिन्शू विद्यापीठाच्या हामानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या रक्तात आयजीजी-४ हे प्रथिन वाढलेले असते असे दाखविले. २००३ मध्ये कामिसावा यांनी हा विकार केवळ स्वादुपिंडाचा नसून अनेक अवयवांना व्यापणारा आहे अशी मांडणी केली.

आज त्यास 'आयजीजी-४ संबंधित व्याधी' म्हणतात. त्यात स्वादुपिंड आणि पित्तनलिका यांच्याखेरीज लालाग्रंथी, अश्रुग्रंथी, वृक्क, फुप्फुस आणि महाधमनीच्या भोवतालचा पोटामागील भाग हेही बाधित होऊ शकतात. बाधित भागात आयजीजी-४ निर्माण करणाऱ्या प्लाझ्मा पेशींची गर्दी होते, तंतुमय ऊती विशिष्ट भोवऱ्यासारख्या रचनेत वाढते आणि लहान शिरा बुजतात. परिणामी अवयव गाठीसारखा फुगतो. म्हणूनच त्यास कर्करोग समजण्याची चूक होते. कर्करोगाच्या संशयावरून स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया झालेल्या शंभर रुग्णांपैकी दोन ते सहा जणांत प्रत्यक्षात हा शोथ आढळल्याचे वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहे. ती शस्त्रक्रिया किती मोठी आणि जोखमीची असते, हे वाचकांस सांगावयास नको.

हा विकार पन्नाशी-साठीनंतरच्या पुरुषांत अधिक आढळतो. वेदनारहित कावीळ, वजन घटणे, नव्याने आढळलेला मधुमेह, दोन्ही बाजूंच्या लालाग्रंथी किंवा पापण्यांवरील भाग सुजणे, ही लक्षणे एकत्र दिसल्यास शंका घ्यावी. स्वादुपिंडाच्या या शोथाचा दुसराही एक प्रकार आहे. तो तुलनेने तरुणांत दिसतो, त्याचा संबंध मोठ्या आतड्याच्या व्रणयुक्त शोथाशी असतो आणि त्यात आयजीजी-४ बहुधा वाढत नाही. म्हणजे रक्तपरीक्षा सामान्य आली म्हणून ऑटोइम्यून पँक्रियाटायटिस नाहीच, असे म्हणता येत नाही.

आयजीजी-४ म्हणजे काय?

रक्तातील प्रतिपिंडांचे ए, डी, ई, जी आणि एम असे पाच वर्ग मानले जातात. त्यांपैकी जी वर्गाचे चार उपवर्ग आहेत आणि त्यांना रक्तातील प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने अंक दिले आहेत. आयजीजी-४ हा सर्वांत अल्प. निरोगी व्यक्तीत एकूण आयजीजीच्या सुमारे पाच टक्क्यांहूनही कमी.

या प्रतिपिंडाची एक विशेष रीत आहे. त्याचे दोन अर्धे भाग सुटे होऊन दुसऱ्या रेणूच्या अर्ध्या भागाशी जोडले जातात. त्यामुळे ते दाह भडकविण्यापेक्षा शमविण्याकडे अधिक झुकलेले असते. दीर्घकाळ एखाद्या बाह्य पदार्थाशी संपर्क राहिला की शरीर त्याची निर्मिती वाढविते. म्हणून या व्याधीत वाढलेले आयजीजी-४ हे रोगाचे कारण आहे की शरीराने केलेल्या प्रतिक्रियेची खूण आहे, हा वाद संशोधकांत अद्याप मिटलेला नाही. आपणांस व्यवहारात एवढे ध्यानी ठेवावयाचे की ही एक खूण आहे. ती रोगाचे नाव नव्हे.

आकडा कसा वाचावा?

हामानो यांच्या अभ्यासात १३५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा धरली होती आणि त्या मर्यादेवर परीक्षेची अचूकता ९५ टक्क्यांच्या पुढे दिसली होती. त्यामुळे आरंभी फार उत्साह निर्माण झाला. पुढील अनुभवाने तो आवरावा लागला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १४० ही मर्यादा धरता स्वादुपिंडाच्या या शोथाचे ७६ टक्के रुग्ण ओळखता आले. उलट स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या सुमारे दहा टक्के रुग्णांतही आयजीजी-४ वाढलेले मिळाले. मात्र २८० च्या वर, म्हणजे मर्यादेच्या दुपटीपलीकडे गेलेले कर्करोगाचे रुग्ण सुमारे एक टक्काच होते. शोथाच्या रुग्णांत हे प्रमाण ५३ टक्के होते.

याचा अर्थ एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा, स्वादुपिंडात गाठ दिसणारे १००० रुग्ण आहेत आणि त्यांतील ३० जणांनाच हा शोथ आहे. ७६ टक्के या हिशेबाने ३० पैकी २३ जणांचा अहवाल वाढलेला येईल. उरलेल्या ९७० जणांपैकी ७ टक्के, म्हणजे सुमारे ६८ जणांचाही अहवाल वाढलेलाच येईल. एकूण ९१ वाढलेल्या अहवालांपैकी खरे रुग्ण २३, म्हणजे चारांत एक. आता मर्यादा दुप्पट केली, तर खरे रुग्ण १६ आणि खोटे सुमारे १० राहतील. विश्वास वाढला, परंतु ३० पैकी १४ रुग्ण हातचे सुटले. जो व्याधी मुळात विरळ आहे, त्याच्या उत्तम परीक्षेचेही असेच होते. म्हणून किंचित वाढलेला आकडा पाहून 'कर्करोग नाही, काळजी नको' असे रुग्णास सांगणे अत्यंत घातक आहे.

पित्तनलिकांच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस हा पित्तनलिकांचा संकोच करणारा निराळा व्याधी असून त्यात स्टिरॉइडचा उपयोग होत नाही. तरीही त्याच्या शंभरांतील नऊ ते पंधरा रुग्णांत आयजीजी-४ वाढलेले मिळते. युरोपातील एका अभ्यासात, २०१४ मध्ये, आकडा सामान्य मर्यादेच्या चौपटीपलीकडे गेला तरच या दोहोंतील भेद निःसंशय करता आला. पण इतका वाढलेला आकडा खऱ्या रुग्णांपैकी निम्म्याहून कमी जणांतच मिळाला. मधल्या आकड्यांसाठी आयजीजी-४ आणि आयजीजी-१ यांचे गुणोत्तर पाहावे, असे त्या संशोधकांनी सुचविले.

अहवाल वाचताना आणखी एक काळजी घ्यावी. सर्व प्रयोगशाळांची मर्यादा एकच नसते. वापरलेल्या किटनुसार ती बदलते. काही अहवाल मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर काही ग्रॅम प्रति लिटरमध्ये येतात; १३५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजेच १.३५ ग्रॅम प्रति लिटर. म्हणून पाठ केलेल्या आकड्याशी तुलना न करता त्याच अहवालावर छापलेल्या वरच्या मर्यादेच्या किती पट, हे पाहावे. पुढील तपासणीही शक्यतो त्याच प्रयोगशाळेतून करावी.

खोटी वाढ आणि खोटी सामान्यता

आयजीजी-४ वाढविणारी इतर कारणे पुष्कळ आहेत. दमा, त्वचेची ॲलर्जी, पेम्फिगस, काही रक्तवाहिनीशोथ, चिरकारी जंतुसंसर्ग, काही अर्बुदे आणि कृमिरोग ही त्यांतील प्रमुख होत. यांपैकी कृमिरोग आपल्या भागासाठी विशेष महत्त्वाचा आहे. भंडारा जिल्हा हा हत्तीरोगाच्या प्रादुर्भावाच्या विदर्भातील पट्ट्यात मोडतो. हत्तीरोगाच्या कृमीचा शरीराशी दीर्घ सहवास असतो आणि अशा सहवासात आयजीजी-४ उपवर्गाचे प्रतिपिंड मोठ्या प्रमाणात तयार होतात. या कृमींच्या काही निदानचाचण्या तर याच प्रतिपिंडावर आधारलेल्या आहेत. जपान किंवा अमेरिकेतील रुग्णांवरून ठरविलेली मर्यादा भातखाचरात आयुष्य घालविलेल्या आपल्या शेतकऱ्यास जशीच्या तशी लावताना हा भेद विसरता कामा नये. अशा रुग्णात इओसिनोफिल पेशींचे प्रमाण, मलपरीक्षा आणि गरज वाटल्यास हत्तीरोगाची तपासणी करून मगच आयजीजी-४ च्या आकड्याचा विचार करावा. इओसिनोफिल मात्र या व्याधीतही वाढू शकतात, हे लक्षात असू द्यावे.

उलट, व्याधी असूनही आकडा सामान्य येण्याची तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे सुमारे वीस ते तीस टक्के रुग्णांत तो मुळातच वाढत नाही. दुसरे कारण प्रयोगशाळेतील आहे. आयजीजी-४ अतिशय वाढलेले असेल तर मोजणीच्या रसायनास ते पुरे पडू देत नाही आणि यंत्र खोटा कमी आकडा दाखविते. यास प्रोझोन परिणाम म्हणतात. लक्षणे ठळक असून आकडा अगदीच कमी आला, तर नमुना विरल करून पुन्हा मोजण्याची विनंती प्रयोगशाळेस करावी. तिसरे कारण म्हणजे आधी घेतलेले स्टिरॉइड. सांधेदुखी, दमा किंवा खाज यांसाठी कोणी दिलेल्या गोळ्या, अथवा नाव नसलेल्या पुड्यांत मिसळलेले स्टिरॉइड यांनी आयजीजी-४ उतरते, सूज कमी होते आणि सर्व चित्र पुसट होते. म्हणून रक्त देण्यापूर्वी मागील काही महिन्यांतील सर्व औषधांची चौकशी करणे अनिवार्य आहे.

रक्तचाचण्यांचा क्रम

खर्च आणि उपयोग यांचा विचार करता पुढील क्रम सोयीचा वाटतो.

१) बिलिरुबिन (एकूण आणि डायरेक्ट), अल्कलाइन फॉस्फटेज, गॅमा जीटी, एसजीओटी, एसजीपीटी. डायरेक्ट बिलिरुबिन आणि अल्कलाइन फॉस्फटेज यांची वाढ अधिक आणि एसजीपीटीची तुलनेने कमी, असे चित्र अवरोध सुचविते. एसजीपीटी हजाराच्या घरात असेल तर प्रथम विषाणुजन्य किंवा औषधजन्य यकृत्शोथाकडे वळावे.

२) एकूण प्रथिने आणि अल्ब्युमिन. दोहोंतील फरक म्हणजे ग्लोब्युलिन. ते वाढलेले असल्यास प्रतिकारयंत्रणेच्या विकाराची शंका बळावते. ही स्वस्त सूचना अहवालात छापलेली असूनही आपण बहुधा वाचत नाही.

३) प्रोथ्रॉम्बिन टाइम. पित्त आतड्यात न उतरल्याने जीवनसत्त्व के चे शोषण घटते आणि रक्तस्रावाची भीती निर्माण होते.

४) हिमोग्लोबिन, पेशींची गणना, रक्तशर्करा आणि एचबीए१सी. उतारवयात अचानक आलेला मधुमेह आणि कावीळ ही जोडी स्वादुपिंडाकडे बोट दाखविते.

५) हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई यांच्या चाचण्या, रुग्णाचे वय आणि ऋतू पाहून.

६) सीए १९-९. याची नेहमीची मर्यादा ३७ युनिट प्रति मिलिलिटर. परंतु केवळ पित्ताच्या अवरोधानेही तो वाढतो आणि अवरोध दूर होताच उतरतो. शिवाय लोकसंख्येतील पाच ते दहा टक्के व्यक्तींत त्यांच्या रक्तगटाच्या विशिष्ट घटकामुळे तो तयारच होत नाही. म्हणून हाही एकटा निर्णायक नाही.

७) एकूण आयजीजी आणि आयजीजी-४.

८) संशयानुसार इतर प्रतिपिंड. मध्यमवयीन स्त्रीत कंडू आणि वाढलेले अल्कलाइन फॉस्फटेज असल्यास एएमए. प्रायमरी बिलियरी कोलँजायटिसमध्ये ही चाचणी ९० ते ९५ टक्के रुग्णांत होकारार्थी येते. एसजीपीटी आणि आयजीजी दोन्ही वाढले असल्यास ऑटोइम्यून हिपॅटायटिससाठी एएनए आणि स्मूथ मसल अँटिबॉडी. एएनए एकटी होकारार्थी आली म्हणून काहीही सिद्ध होत नाही.

यांपैकी पहिल्या चार चाचण्या आणि सोनोग्राफी एवढे तालुका किंवा जिल्हा पातळीवर दोन-तीन दिवसांत होऊ शकते. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली दिसली की आयजीजी-४ चा अहवाल येईपर्यंत रुग्णास थांबवू नये. त्यास आधी पुढे पाठवावे.

निदान रक्तावर थांबत नाही

मेयो क्लिनिकने २००६ मध्ये मांडलेल्या निकषांत पाच गोष्टी एकत्र पाहिल्या जातात : ऊतिपरीक्षा, प्रतिमा, रक्तपरीक्षा, इतर अवयवांचा सहभाग आणि औषधास मिळालेला प्रतिसाद. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय निकष ठरले. २०१९ मध्ये अमेरिकन आणि युरोपीय संधिवात संघटनांनी गुणांवर आधारलेले वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात रक्तातील आयजीजी-४ साठी त्याच्या पटीनुसार ४, ६ किंवा अधिकाधिक ११ गुण आहेत. वर्गीकरणास मात्र २० गुण लागतात. म्हणजे आकडा कितीही मोठा असला तरी तो एकटा रुग्णास त्या सीमेपार नेऊ शकत नाही. लेखाचा सारा आशय या एका हिशेबात सामावलेला आहे.

उरलेले गुण मिळतात ते सी.टी. स्कॅन, एम.आर.सी.पी. आणि ऊतिपरीक्षा यांतून. सी.टी. स्कॅनमध्ये स्वादुपिंड सर्वत्र फुगून त्याच्या घड्या नाहीशा झालेल्या आणि भोवती पातळ कड आलेली दिसते. तज्ज्ञ या आकारास सॉसेजची उपमा देतात. एन्डोस्कोपीतून सोनोग्राफी करून सुईने ऊतीचा तुकडा घेता येतो. ही साधने आपल्या भागातील रुग्णास नागपूर येथे मिळतात. भंडाऱ्याहून ते अंतर सुमारे साठ किलोमीटर आहे. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या गावाहून निघालेला रुग्णही दिवसभरात तेथे पोहोचून तज्ज्ञास दाखवू शकतो. वेळ जातो तो प्रवासात नव्हे. तो जातो त्यापूर्वीच्या आठवड्यांत, माळ घालणे, कावीळ झाडून घेणे आणि एकामागून एक काढे बदलणे यांत.

येथे एक फसगत लक्षात घ्यावी. हिपॅटायटिस ए आणि ई हे बहुधा आपोआप बरे होतात आणि त्याचे श्रेय त्या वेळी दिलेल्या औषधास जाते. आयजीजी-४ संबंधित शोथातही काही रुग्णांत कावीळ काही काळ आपोआप उतरते आणि पुढे परत येते. म्हणून औषधाने बिलिरुबिन उतरले, एवढ्यावरून निदान बरोबर होते असे मानू नये. अल्कलाइन फॉस्फटेज आणि सोनोग्राफी पूर्ववत झाली का, हे पाहिल्याशिवाय तपास बंद करू नये.

चिकित्सेविषयी

या व्याधीत आधुनिक वैद्यकाची प्रथम चिकित्सा प्रेडनिसोलोन ही आहे. सामान्यतः दररोज ३० ते ४० मिलिग्रॅम मात्रा सुमारे चार आठवडे देऊन पुढे ती हळूहळू उतरवितात. दोन ते चार आठवड्यांत सूज उतरलेली दिसते. पुनरुद्भव वारंवार होत असल्याने काही रुग्णांना ॲझाथायोप्रिन किंवा रिटुक्सिमॅब द्यावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेत इनेबिलिझुमॅब या औषधास याच व्याधीसाठी मान्यता मिळाली.

परंतु स्टिरॉइड देऊन पाहणे, ही निदानाची सोपी युक्ती नव्हे. कर्करोगाच्या भोवतालची सूजही स्टिरॉइडने तात्पुरती कमी होते, लसीकाग्रंथींचा कर्करोग तर स्पष्टपणे लहान होतो आणि शस्त्रक्रियेची वेळ टळून जाते. कर्करोग वगळल्यानंतर, हिपॅटायटिस बी, क्षय आणि शर्करा यांची तपासणी करून, पोटाच्या विकारांच्या तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच हा प्रयोग व्हावा.

मग वैद्याचे कार्य कोणते? अवरोध असताना आणि निदान झालेले नसताना तीक्ष्ण शोधन करू नये. विरेचनाने बंद झालेली नलिका उघडेल ही अपेक्षा येथे व्यर्थ आहे. धातुयुक्त कल्पांविषयीही विचार करावा. आरोग्यवर्धिनीसारख्या आपल्या आवडत्या कल्पात ताम्रभस्म असते आणि तांबे शरीराबाहेर जाण्याचा मुख्य मार्ग पित्तच आहे. तो मार्गच बंद असताना ते देत राहणे युक्तीस धरून नाही. निदान निश्चित होऊन पित्तमार्ग मोकळा झाल्यावर अग्निरक्षण, पथ्य, बलाधान आणि स्टिरॉइडमुळे होणारी शर्करावृद्धी व अस्थिक्षय यांवर लक्ष, या बाबतींत वैद्याचे साहाय्य मोलाचे ठरते. तेही चालू उपचार न थांबविता आणि तज्ज्ञास माहिती देऊन.

गुळवेलीविषयी येथे लिहिणे प्राप्त आहे. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात गुळवेल सेवनानंतर यकृत्शोथ झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतील यकृत्तज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतील चित्र ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखे होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वापरलेल्या वनस्पतीची ओळख पटविलेली नव्हती, हे दाखवून दिले. वाद काहीही असो, प्रतिकारयंत्रणेच्या विकाराचा संशय असलेल्या काविळीच्या रुग्णास निदान होईपर्यंत गुळवेल न देणे आणि आधी घेतली असल्यास तसे केसपेपरवर लिहिणे, यात आपले काहीच कमी होत नाही. उलट, वैद्याने स्वतः दिलेल्या नोंदीमुळे तज्ज्ञाचा आपल्यावरील विश्वास वाढतो.

औषधविक्रेत्यांसाठी

काविळीचा रुग्ण किंवा त्याचा मुलगा अनेकदा वैद्याकडे न जाता थेट दुकानात येतो. त्या वेळी दोन प्रश्न पुरेसे आहेत : शौचाचा रंग पांढरट झाला आहे का? आणि वय पन्नासच्या पुढे आहे का? दोन्हींचे उत्तर 'होय' असेल तर काविळीचे चूर्ण किंवा सिरप देऊन त्यास परत पाठवू नये, तपासणीस पाठवावे. ताप, थंडी वाजणे आणि कावीळ एकत्र असल्यास पित्तनलिकेत पू झाल्याची शक्यता असते. असा रुग्ण त्याच दिवशी रुग्णालयात पोहोचला पाहिजे.

प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन, बेटामेथासोन यांच्या गोळ्या चिठ्ठीवाचून देणे हा कायद्याचा भंग तर आहेच, शिवाय वर सांगितल्याप्रमाणे त्याने निदानच झाकले जाते. आधीपासून स्टिरॉइड चालू असलेल्या रुग्णाने ते एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते, हेही ग्राहकास सांगावे. अनामिक पुड्या आणि घटक न छापलेली आयुर्वेदिक म्हणविणारी औषधे दुकानात ठेवू नयेत. त्यांच्यामुळे रुग्णाची हानी होते आणि दोष मात्र आयुर्वेदाच्या माथी येतो. काविळीच्या रुग्णास विकलेल्या प्रत्येक औषधाचे बिल द्यावे. पुढे तज्ज्ञाकडे तेच त्याचा इतिहास सांगते.

सारांश

फिकट मल आणि वेदनारहित कावीळ असलेल्या प्रौढ रुग्णाची आठवड्याच्या आत यकृत्चाचणी आणि सोनोग्राफी करावी. आयजीजी-४ परीक्षा उपयुक्त आहे, परंतु ती साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. सामान्य मर्यादेच्या दुपटीखालील वाढ कर्करोगातही दिसते, कृमिरोगातही दिसते. चौपटीची वाढ बलवान पुरावा आहे, तरीही प्रतिमा आणि ऊतिपरीक्षा टळत नाहीत. सामान्य आकडा व्याधी नाकारीत नाही. स्टिरॉइड आधी आणि निदान नंतर हा क्रम कधीही नसावा.

आयजीजी-४ संबंधित व्याधी विरळ आहे. आपल्यापैकी अनेकांस संपूर्ण व्यवसायात त्याचे एक-दोनच रुग्ण भेटतील. परंतु त्या एक-दोघांस शोधण्याच्या निमित्ताने प्रत्येक रुद्धपथ कामलेचा रुग्ण वेळेवर तपासला गेला, तर कर्करोगाचे, पित्ताश्मरीचे आणि पित्तनलिकासंकोचाचे रुग्णही लवकर हाती लागतील. ग्रामीण भागात काविळीच्या रुग्णाचा पहिला विश्वास आजही वैद्यावर आहे. तो आपल्याकडे आला त्याच दिवशी मल आणि मूत्र यांची परीक्षा करून पुढील वाट दाखविणे, हीच त्या विश्वासाची योग्य परतफेड होय.